तुम्ही कधीपासूनचे?

‘वाटत नाहीस गं!’

माझं आडनाव पहिल्यांदा ऐकल्यावर समोरून येणाऱ्या प्रतिक्रियांची मी मनातल्या मनात एक यादीच करून ठेवलीय. ही त्यातली टॉपची. दुसरी, ‘पण मराठी काय मस्त बोलतेस!’ आणि तिसरी येते ती जरा ओळख वाढल्यावर, दुपारी कॉफी मशीनपाशी, आवाज थोडा खाली आणून – ‘बाय द वे, तुम्ही लोक कन्व्हर्ट कधी झालात?’

मी? मी तर माझ्या बाप्तिस्म्याला झोपले होते म्हणे.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं, हे मला कळतं. पण उत्तर देताना उगाचच वाटत राहतं, की आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आलोय आणि जरा जास्तच दिवस राहिलोय. मग मी आपली इतिहासाची टेप लावते. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये, चिमाजी अप्पांनी ती जिंकली १७३९ मध्ये, आणि मधल्या दोनशे वर्षांत आमच्या गावातलं कुणीतरी, कधीतरी, कशामुळे तरी... कशामुळे, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. शाळेत हा धडा आला तेव्हा वर्गातली अर्धी मुलं ख्रिश्चन होती आणि आम्ही सगळे चिमाजी अप्पांच्या पार्टीत होतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या डिसेंबरात मी आईला घेऊन केरळला गेले. नाही, हाऊसबोट आणि आयुर्वेदिक मसाजवालं केरळ नाही. पप्पा जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात आई घर, वाडी आणि चर्च या तीन ठिकाणांपलीकडे कुठेही गेली नव्हती. चर्चमधल्या एका मावशीनं तिच्या हातात एक पत्रक ठेवलं. जुन्या ख्रिस्ती स्थळांची गाईडेड टूर, पाच दिवस, चार रात्री, चहा-नाश्ता-जेवणासहित. आई म्हणाली, ‘तू येत असशील तर जाते.’

आता मी रविवारी मिस्साला जाणं सोडून सहा वर्षं झालीत. हा आमच्या घरातला न बोलण्याचा विषय आहे. तरीही मी हो म्हटलं. फ्रीलान्सर असण्याचा हा एक फायदा, रजा कुणाकडे मागावी लागत नाही. (पगारही कुणाकडे मागता येत नाही, ते जाऊ दे.)

आणि खरं सांगू? माझा एक छुपा अजेंडा होता. केरळातले जुने ख्रिश्चन सांगतात, की आमच्याकडे येशूचा शिष्य सेंट थॉमस स्वतः आला, इसवी सन ५२ मध्ये. म्हणजे पोर्तुगीजांच्या जवळजवळ दीड हजार वर्षं आधी. युरोपातल्या अर्ध्याअधिक लोकांनी येशूचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हा! म्हटलं, कॉफी मशीनपाशी तोंडावर मारायला एखादं सणसणीत उत्तर मिळालं, तर पैसे वसूल.

एर्नाकुळमला आम्ही एकोणीस जण टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चढलो. बोरिवली, मालाड, ठाणे आणि आम्ही वसईकर. पहिल्या सीटवर मुलुंडच्या आंटी. मूळच्या कोट्टायमकडच्या, सत्तरच्या दशकात नर्स म्हणून मुंबईत आल्या आणि इथल्याच झाल्या. मराठी एकदम ठणठणीत, कारण ‘वॉर्डात सगळे पेशंट लालबाग-परळचे.’ चॉकलेटी काठाची पांढरी साडी, पर्समध्ये बीपीचं मशीन. दुसऱ्या सीटवर आमचे गाईड, एका शाळेतून रिटायर झालेले इतिहासाचे मास्तर. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. सरांची एक खोड होती. कुठलीही गोष्ट सांगताना वाक्याच्या सुरुवातीला ते एकतर ‘परंपरा सांगते’ म्हणायचे, नाहीतर ‘पुरावा सांगतो.’ पहिल्याच दिवशी त्यांनी दम भरला, ‘या दोन वाक्यांची भेळ करायची नाही.’ मास कॉमच्या अख्ख्या कोर्समध्ये आम्हाला जे शिकवायला हवं होतं, ते या माणसानं एका ओळीत उरकलं.

तर परंपरा सांगते, की थॉमस मुझिरिस बंदरात उतरला आणि त्यानं इथं साडेसात चर्च स्थापन केली. हो, साडेसात! मराठी माणसाला साडेसात म्हटलं की एकच गोष्ट आठवते आणि ती काही शुभ नसते, पण इथं तो मोठा मान आहे. सात पूर्ण, आणि अर्धं तिरुविदांकोडला, जे आता तमिळनाडूत येतं. अर्धं का, याचीही दोन-तीन स्पष्टीकरणं आहेत. सर म्हणाले, ‘जो ज्या गावचा, त्याला विचारा, तो वेगळं सांगेल.’

पुरावा काय सांगतो? थॉमस इथं आल्याचा त्या काळातला एकही लेख नाही, दगड नाही. पण येणं अशक्य होतं का? मुळीच नाही. पावसाळी वाऱ्यांच्या जोरावर रोमन साम्राज्यातली जहाजं दरवर्षी या किनाऱ्यावर मिरी न्यायला येत होती. इतकी मिरी, की आपलं सोनं भारतात वाहून चाललंय म्हणून रोमच्या प्लिनीनं तेव्हाच गळा काढला होता. पट्टणम नावाच्या खेड्यात २००७ पासून खोदकाम झालं आणि रोमन मद्याच्या रांजणांचे तुकडे, मणी, अगदी एक लाकडी होडीसुद्धा सापडली. आम्ही गेलो तेव्हा तिथं बघायला म्हणाल तर नारळाची झाडं आणि एक कुत्रं. पण सरांनी त्या वाडीत उभं राहून जहाज, गोदाम, वखार असं सगळं हवेत बोटानं काढून दाखवलं, आणि मला ते दिसलं.

जवळच कोडुंगल्लूरला थॉमसच्या उजव्या हाताचं हाड ठेवलंय. १९५३ मध्ये इटलीतल्या ओर्तोनाहून ते इथं आणलं. आठवतोय ना थॉमस? येशू पुन्हा उठला म्हणून बाकीचे नाचत होते, तेव्हा हा एकटा म्हणाला, जखमेत बोट घालून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. म्हणजे बायबलमधला पहिला फॅक्ट-चेकर! तोच हा हात. परंपरेनुसार, अर्थात. आई डोळे मिटून दहा मिनिटं उभी राहिली. मी सोर्स किती, क्रॉस-चेक कसा करायचा, याचा विचार करत उभी राहिले. थॉमसला यातलं कुणाचं वागणं जास्त आवडलं असतं, सांगता येत नाही.

वादाला तोंड फुटलं ते पालयूरला. हे गाव गुरुवायूरच्या अगदी जवळ. इथली परंपरा अशी, की तळ्याकाठी नंबुद्री ब्राह्मण ओंजळीनं पाणी वर उडवून देवाला वाहत होते. थॉमस म्हणाला, देवानं स्वीकारलं तर ते खाली का पडतं? मग त्यानं स्वतः पाणी उडवलं आणि ते हवेतच तरंगत राहिलं. ते बघून अनेक नंबुद्री कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. तळं अजून आहे. आंटी हात जोडून म्हणाल्या, ‘आम्ही त्या कुटुंबातले.’

सरांनी घसा साफ केला. ‘पुरावा सांगतो, की नंबुद्री केरळात स्थिरावले ते त्यानंतर काही शतकांनी. बहुतेक इतिहासकार तरी असंच मानतात.’

बसमध्ये जी शांतता पसरली ती थेट हॉटेलपर्यंत टिकली. आंटींनी सरांना दिलेली केळ्याच्या वेफर्सची पिशवी परत मागितली नाही एवढंच.

रात्री जेवायला आई आणि मी आंटींच्याच टेबलवर. त्यांचा नाताळाआधीचा पंचवीस दिवसांचा उपास चालू होता, म्हणजे मांस-मच्छी काही नाही, त्यामुळे त्या आमच्या ताटातल्या माशाकडे बघत होत्या. आईनं वसईहून आणलेली सुकेळी त्यांच्या पानात वाढली. आंटींना ती फार आवडली. मग त्यांनी अगदी सहज, प्रेमानं विचारलं, ‘तुम्ही वसईचे म्हणजे लॅटिन ना? पोर्तुगीजांनी केलेले?’

केलेले. भजी केली, भात केला, तसे आम्ही केलेले.

मी काही बोलले नाही. ऑफिसात हा प्रश्न आला तर टेप लावते, इथं कुठली लावू? नंतर रूमवर वाचत बसले. केरळच्या किनाऱ्यावरचे कोळी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, त्यांना इथं ‘लॅटिन’ म्हणतात. आणि थॉमसचा वारसा सांगणारी सीरियन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याशी सोयरीक टाळत आली. एकच येशू, एकच बायबल, आणि तरी दोन पंगती. मी पाचशे वर्षांच्या कमीपणावर औषध शोधायला दीड हजार वर्षं मागे आले होते, आणि इथं रांगेत पुन्हा शेवटचीच. नंबर लागला की नंबरवाले भेटतातच.

आई दिवा मालवताना म्हणाली, ‘बोलायची ओढ असते बाईला. एकटी राहते ती.’ तिला काहीच लागलं नव्हतं. की लागलं होतं आणि तिनं गिळलं होतं? आईच्या बाबतीत मला हे कधीच ओळखता येत नाही.

तिसऱ्या दिवशी उदयंपेरूर. गाव छोटं, पण इथं जून १५९९ मध्ये जे घडलं ते मोठं होतं. गोव्याहून आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस आले, त्यांनी धर्मसभा भरवली आणि इथल्या ख्रिश्चनांना सांगितलं, की तुमच्या सीरियाक भाषेतल्या पोथ्यांमध्ये चुका आहेत. किती पोथ्या जाळल्या, त्याची गणतीच नाही. पुढे ३ जानेवारी १६५३ ला, याच राजवटीविरुद्ध, मट्टांचेरीला लोकांनी शपथ घेतली. क्रॉसला हात लावायला गर्दी मावेना, म्हणून त्याला दोर बांधले आणि दोर धरून शपथ घेतली. म्हणजे पोर्तुगीजांनी आम्हाला ख्रिश्चन केलं आणि यांना ‘नीट’ ख्रिश्चन करायला गेले! त्या शपथेनंतर जी फाटाफूट सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. आंटींच्या एकट्या माहेरात तीन वेगवेगळ्या चर्चचे लोक आहेत. ‘नाताळाला सगळे एकत्र जेवतो,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त देवाचा विषय काढायचा नाही.’

हे ऐकून आमच्या बसमध्ये पहिल्यांदा सगळे हसले. सरसुद्धा.

मलाही मग जोर आला. मी म्हटलं, आमच्याकडे फादर स्टीफन्सनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, ते १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं. ओवीबद्ध! आंटी म्हणाल्या, आमची प्रार्थना येशूच्या भाषेत होती, १९६० च्या दशकापर्यंत. त्यांच्याकडे मिस्साला ‘कुर्बाना’ म्हणतात, तोच शब्द जो आपण कुर्बानी म्हणून ओळखतो. आता यावर मी काय बोलणार? एक-शून्य.

कुरविलंगाडच्या चर्चसमोर उघड्यावर एक उंच दगडी क्रॉस आहे. लोक त्याच्या पायाशी तेलाचे दिवे लावतात, आपल्याकडे देवळात दीपमाळेला लावतात तसे. क्रॉस नसता तर मी शपथेवर सांगितलं असतं की हे देऊळ आहे. आईनं तेलाची वाटी घेतली. तिनं दिव्यात तेल ओतलं, मग इकडे-तिकडे बघत पर्समधून डोळ्यांच्या ड्रॉप्सची रिकामी बाटली काढली आणि त्यातलं थोडं तेल भरून घेतलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी कोट्टायमचं वलियपळ्ळी. वलिय म्हणजे मोठं, पण चर्च छोटंसंच आहे, १५५० मध्ये बांधलेलं. हे क्नानाय समाजाचं चर्च. त्यांची परंपरा सांगते, की क्नायी थोमा नावाचा व्यापारी इसवी सन ३४५ मध्ये बहात्तर कुटुंबं घेऊन आला आणि आम्ही त्यांचे वंशज. ते आजही समाजाबाहेर लग्न करत नाहीत, केलं तर समाजाबाहेर. प्रकरणं कोर्टापर्यंत गेलीत. मला वाटलं, घ्या, अजून एक रांग.

पण मी तिथं गेले ते एका दगडासाठी. बाजूच्या वेदीत काळ्या दगडावर कोरलेला क्रॉस बसवलाय. त्यावर येशूची मूर्ती नाही. क्रॉसची टोकं कळीसारखी उमललेली, खाली पानं फुटलेली, वर कबुतर झेपावतंय, आणि सगळ्याभोवती कमानीसारखी फिरलेली एक ओळ. ती ओळ पहलवी लिपीत आहे. म्हणजे आपल्या पारशांच्या धर्मग्रंथांची लिपी! इराणातल्या ख्रिश्चनांशी इथला संबंध होता, त्याचा हा दगडी कागद. असे क्रॉस दक्षिणेत मोजकेच आहेत. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर एक आहे, गोव्यात आगशीला एक २००१ मध्ये सापडला. काळ साधारण सहावं ते नववं शतक. इसवी सन ५२ पासून पुष्कळ दूर, पण हा ‘पुरावा सांगतो’ खात्यातला. सरांचा आवाजच बदलला होता. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही.

‘काय लिहिलंय?’ आईनं विचारलं. पूर्ण टूरमधला तिचा पहिला प्रश्न.

सर म्हणाले, शंभर-दीडशे वर्षं पंडित यावर भांडतायत. मुंबईच्या जीवनजी मोदींसारख्या पारशी विद्वानानंही त्रावणकोरातल्या अशाच एका क्रॉसवर लिहून ठेवलंय. अर्थ साधारण एवढाच, की प्रभू ख्रिस्ता, या अमक्यावर दया कर, अमक्याचा मुलगा, ज्यानं हा क्रॉस केला किंवा आणला. ‘अमक्याचं नाव कोणी अफ्रास वाचतात, कोणी गॅब्रिएल, कोणी सबरिशो. त्याच्यावर एकमत नाही. पण त्याच्या बापाचं नाव या तिघांनीही एकच वाचलंय. चहारबुख्त.’

आई दगडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘पोराचं नाव गेलं आणि बापाचं राहिलं.’

एवढंच. तिनं तेवढ्यावर विषय सोडला, पण मला तिथून हलता येईना. कुणीतरी एक माणूस, नावसुद्धा नीट लागत नाही ज्याचं, तो आम्ही किती जुने, आम्ही कुणाचे वंशज असलं काहीही लिहून गेला नाही. माझ्यावर दया कर आणि माझा बाप अमुक, बस्स. पप्पांच्या थडग्यावरचा मजकूर ठरवताना भावानं आणि मी तीन रात्री वाद घातला होता, ते आठवलं.

चौथ्या दिवशीचं निरणम मी झोपेत बघितलं, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही.

शेवटचा दिवस कोल्लम. इथल्या तरिसापळ्ळी नावाच्या चर्चला इसवी सन ८४९ मध्ये वेणाडच्या अय्यन अडिगळ या राजानं ताम्रपट दिला. ते चर्च आज उभं नाही, पण तांब्याचे पत्रे टिकलेत. गंमत म्हणजे साक्षीदारांच्या सह्या तीन लिपींत आहेत. अरबी, पहलवी आणि हिब्रू. एका चर्चच्या कागदावर मुसलमान, पारशी-इराणी, ज्यू अशा सगळ्या व्यापाऱ्यांनी सह्या ठोकल्या. हा भाग लोकांना आवडतो, सगळ्या ब्रोशरांत असतो. सरांनी पुढचाही सांगितला. जमिनीबरोबर त्या जमिनीवर राबणारी कुटुंबंही चर्चच्या ताब्यात दिली गेली. ईळवांची कुटुंबं, परटांची. ‘त्यांच्या सह्या नाहीत,’ सर म्हणाले. आंटी खिडकीबाहेर बघत होत्या.

मग तंगश्शेरीला, समुद्राकाठी, पोर्तुगीज किल्ल्याच्या पडक्या भिंतीच्या सावलीत सर माझ्याकडे वळले. ‘तुम्ही वसईच्या ना? मग हा पुढचा भाग तुमच्यासाठी.’

पोप जॉन बाविसावे यांनी १३२९ मध्ये कोल्लमचा धर्मप्रांत स्थापन केला. भारतातला पहिला लॅटिन धर्मप्रांत. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधी! बिशप म्हणून नेमलं जोर्दानुस नावाच्या डॉमिनिकन साधूला. आणि हा जोर्दानुस त्याआधी कुठं होता? १३२१ मध्ये तो चार फ्रान्सिस्कन साधूंबरोबर ठाण्याच्या बंदरात उतरला होता. तिथं ते एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले. नेस्टोरियन, म्हणजे या इराणी वळणाच्या ख्रिश्चनांपैकी. जोर्दानुस पुढे भरूचकडे निघाला आणि मागे ठाण्यात ते चौघं मारले गेले. तो परत आला, त्यांची प्रेतं घेतली आणि पुरली. कुठं?

‘सोपारा,’ सर म्हणाले.

मी म्हटलं, ‘नालासोपारा?’

विरार फास्टमध्ये चढायला मिळत नाही, ते नालासोपारा. मी कॉलेजची तीन वर्षं ज्या स्टेशनवर शिव्या खाल्ल्या आणि दिल्या, ते. बौद्ध स्तूप आणि अशोकाचा लेख तिथं सापडला, एवढं शाळेत ऐकलं होतं. पण १३२१ मध्ये ठाण्याला ख्रिश्चन घरं होती आणि सोपाऱ्याला साधू पुरले होते, हे मला सोळाशे वर्षांच्या केरळ-इतिहासाला वळसा घालून, कोल्लमच्या किनाऱ्यावर कळावं?

त्या रात्री मी प्रचंड फॉर्मात होते. हॉटेलच्या बेडवर पाय दुमडून आईला सांगत होते. बघ, पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधी! शिवाय सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की कल्लियाना नावाच्या बंदरात इराणहून नेमलेला बिशप आहे. ते आपलं कल्याण असावं, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं. कल्याण, ठाणे, सोपारा... सगळं आपल्या दारात! आता येऊ दे कुणाला कॉफी मशीनपाशी.

आई गुडघ्याला बाम चोळत होती. म्हणाली, ‘ते ठाण्याचे लोक आपले कोण?’

‘कोणी नाही बहुतेक. म्हणजे, माहीत नाही. काही धागा लागत नाही.’

‘मग?’

‘मग काही नाही. पण सांगता येतं ना.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘पप्पांना बँकेत विचारायचे हे. दर बदलीला, नवीन ब्रँच आली की. माहितीये ते काय सांगायचे?’

मला माहीत नव्हतं. पप्पांना कुणी असं विचारलं असेल, हेच माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. बत्तीस वर्षं नोकरी केली त्यांनी.

‘ते म्हणायचे, परवाच झालो. पेढे द्यायचे राहिले. आणि दुसऱ्या दिवशी खरंच पेढे घेऊन जायचे.’

आई हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवत, मग तोंडावर पदर धरून, मग अगदी मोठ्यानं. बाजूच्या रूममधून आंटींनी भिंतीवर टकटक केली. दीड वर्षात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ती रडायलाही लागली, आणि मी बामची बाटली हातात घेऊन तशीच बसून राहिले.

परतीच्या गाडीत आंटी आमच्याच डब्यात होत्या. रात्रभर त्यांनी आणि आईनं बीपीच्या गोळ्या आणि सुना या विषयांवर चर्चा केली, मी वरच्या बर्थवर ऐकत पडले. वसई रोड आलं तेव्हा आंटींनी माझ्या हातात वेफर्सची पिशवी कोंबली आणि म्हणाल्या, ‘त्या जोर्दानुसचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.’ माफी वगैरे काही नाही. हे सांगताना त्या नाराज दिसत होत्या.

जानेवारीत एका नव्या ऑफिसात असाइनमेंटसाठी गेले होते. तिसऱ्या दिवशी, कॉफी मशीनपाशी, तो आलाच. मी तोंड उघडलं. १३२१, ठाणे, सोपारा, सगळं जिभेवर होतं.

‘परवाच,’ मी म्हटलं. ‘पेढे उद्या आणते.’

समोरचा मुलगा आधी गोंधळला, मग कानापर्यंत लाल झाला. मी आणले पेढे. त्यानं दोन खाल्ले.

परवा घरी गेले तर आई फोनवर होती. समोर टेबलावर डोळ्यांच्या ड्रॉप्सची ती बाटली, अर्धी रिकामी. म्हणजे तेल गुडघ्याला लागत होतं. पलीकडून मुलुंडच्या आंटी. त्यांना सोपारा बघायचं होतं.

‘अगं, तिथं काही दिसत नाही म्हणे,’ आई सांगत होती. ‘बिल्डिंगी आहेत नुसत्या. पण ये तू. रविवारी ये, मिस्साला बरोबर जाऊ, मग जेव इथंच. उपास संपला ना तुझा? पापलेट आणते.’

मग रिसीव्हरवर हात ठेवून तिनं मला विचारलं, ‘तू आहेस ना रविवारी?’

‘जेवायला आहे,’ मी म्हटलं.